ण बाणातला

“उतरा खाली! पोरांना नाही, तुम्हाला सांगतेय!”

हे मला. मी रेतीच्या ढिगात गुडघ्याइतका रुतलेलो, हातात छत्री, आणि टोकावर माझी साडेतीन वर्षांची मनू महाराणीसारखी बसलेली. ओरडत होत्या त्या आमच्या बालवाडीच्या बाई. असा आवाज अख्ख्या वाशीत दुसरा नव्हता. बाईंनी इथे “हात धुवा” म्हटलं की खाडीपुलापलीकडे मानखुर्दची पोरं नळाकडे धावत, असं लोक म्हणत. लोक म्हणजे मीच, पण खोटं नव्हतं.

ऐंशीच्या आसपासची वाशी म्हणजे अर्ध्या इमारती आणि अर्धी रेती. बाईंनी आमच्याच बिल्डिंगच्या तळमजल्यावर दोन खोल्यांत बालवाडी काढली आणि शेजारच्या बांधकामाची रेती कुणाला न विचारता अभ्यासक्रमात घेतली. कंत्राटदार भांडायला आला, तो तासाभराने पोरांना विटा रचायला शिकवून आणि वाटीभर उसळ खाऊन गेला. प्रवेशाच्या वेळी बाई मुलांना काही विचारत नसत, पालकांना विचारत. “बटण स्वतः लावते का? भांडते का? भांडून झालं की पुन्हा खेळते का?” एक साहेब छाती फुगवून म्हणाले, “आमचा बंटी शंभरपर्यंत आकडे म्हणतो.” बाई म्हणाल्या, “म्हणू दे. चपलेचा डावा-उजवा कळतो का?” साहेबांनी आधी स्वतःच्या पायांकडे पाहून घेतलं.

आमचं दुखणं वेगळं होतं. मनू बोलत नव्हती. एक शब्द नाही. तीन डॉक्टर झाले. कान ठीक, जीभ ठीक, थांबा म्हणाले. कसं थांबायचं ते एकानेही लिहून दिलं नाही. मनूची आई देवापुढे बसून डोळे पुसायची. मी छापखान्यात मुद्रितं तपासणारा माणूस. दिवसभर जगाच्या चुका काढायच्या आणि घरी येऊन त्या मुक्या तोंडाकडे बघत बसायचं. बाईंना सांगितलं, तर म्हणाल्या, “पोर हुशार आहे तुमची. तोंड उघडलं की बाप लाल पेन्सिल काढणार, हे ओळखलंय तिनं.”

मला राग आला. तिमाहीचं प्रगतिपुस्तक आलं तेव्हा तो वाढला. ‘चढते: टोकापर्यंत. जेवते: दुसऱ्याच्या डब्यातलंसुद्धा. हसते: भरपुर. बोलते: बोलेल.’ मी ‘भरपुर’चा उकार दीर्घ करून, लाल सही ठोकून ते परत पाठवलं. दुसऱ्या दिवशी त्यात एक ओळ वाढून आली: ‘वडील: सुधारणेस वाव.’

मनू मात्र मजेत होती. बालवाडीच्या माठाजवळ कामाला ठेवलेली, वाशी गावातली मावशी बसायची, तिच्यासमोर मनू तासन्‌तास या तांब्यातून त्या तांब्यात पाणी ओतायची. मावशीचं तोंड अखंड चालू. “पानी सांडू नको गो बाय! पानी पी गो बाय!”

आता त्या रेतीची इमारत झाली, जुनी झाली, पाडायलाही निघाली. बाईही गेल्या. तिकडून जाताना अजून वाटतं, मागून आवाज येईल, “उतरा खाली!” पण कुणी ओरडत नाही, आणि चढायला ढीगही नाही.

तर तेव्हाच्या, त्या प्रगतिपुस्तकानंतरच्या एका संध्याकाळी मी मुद्रितं घेऊन बसलो होतो. मागून खणखणीत आवाज आला, “बाबा, पानी दे!”

मी मान वर न करता म्हणालो, “पाणी. ण बाणातला.”

मग पेन्सिल हातातून पडली. मी मनूला काखेत मारलं, चपला उलट्यासुलट्या घातल्या आणि तीन मजले दोन ढांगांत उतरलो. बाई दारात ताट घेऊन मूग निवडत होत्या.

“बाई, बोलली! मनू बोलली! ‘बाबा, पानी दे’ म्हणाली! ण नाही आला, न आला, पण चालेल! जन्मभर चालेल!”

बाईंनी एक खडा उचलून बाजूला ठेवला आणि माझ्या काखेत लोंबणाऱ्या मनूकडे पाहिलं.

“मग दिलंत का तिला?”