शाळेच्या दाराची कडी

माझी मुलगी तिसरीत गेली तरी अंथरुणात शू करायची. रोज नाही, पण बहुतेक सकाळी मी गोधडी पिळत उभी. येडगावात आमच्या घराची वाळत घालायची दोरी रस्त्याच्या कडेलाच, त्यामुळे गोधडी दिसली की आळीला कळायचं, आणि ज्याच्या त्याच्याकडे उपाय तयार असायचा. सासूबाईंनी तीळ-गूळ सुरू केला, शिवाय कुठूनसा गंडा आणून तिच्या हातात बांधला. पुण्याच्या नणंदबाईंनी फोनवर सांगितलं की तुम्ही पोरीला शिस्त लावली नाही. नवऱ्याने फर्मान काढलं, दिवस मावळल्यावर पाणी बंद. मग ती जेवताना घोटभर पाण्यासाठी सगळ्यांच्या तोंडाकडे बघत बसायची, आणि गोधडी ओली ती ओलीच.

अशात शाळेची सहल निघाली. आहुप्याची देवराई बघायची आणि तिथेच मुक्काम. वर्गातल्या पोरी आदल्या दिवसापासून बॅगा भरत होत्या. ही पोट धरून कोपऱ्यात बसली. "मला न्हाई जायचं," एवढंच म्हणाली. का ते मला कळत होतं. सासूबाई म्हणाल्या नाटकं करती. मला सगळ्यांचाच वीट आला होता. सहलीची गाडी गेली त्याच दिवशी मी तिला घेऊन जुन्नरला मुलांच्या डॉक्टरकडे गेले.

डॉक्टरबाईंनी शूचं जरा विचारलं आणि एकदम म्हणाल्या, "शी रोज होते का?"

माझं डोकंच फिरलं. "मॅडम, आमची तक्रार शूची आहे," मी म्हटलं.

त्यांनी मुलीला झोपवून पोट दाबून बघितलं, लघवी तपासायला पाठवली. लघवीत काही निघालं नाही. मग समजावून सांगितलं, की शी दाबून दाबून आत साठली आहे, कडक झाली आहे. ती लघवीच्या पिशवीवर दाब देते, म्हणून झोपेत शू सुटते. मुद्दाम करत नाही ती. नंतर मुलीकडे वळून, शाळेत बाथरूमला जातेस का, असं विचारलं.

मुलगी हळूच म्हणाली, "दाराला कडी न्हाई. पोरं ढकलत्यात."

प्रार्थनेपासून घरी येईपर्यंत ती दाबून धरायची. शू लागू नये म्हणून शाळेत पाणीसुद्धा प्यायची नाही. आणि घरी आल्यावर आम्ही पाणी तोडत होतो!

डॉक्टरबाईंनी शी मऊ व्हायचं औषध दिलं. दिवसभर भरपूर पाणी, जेवण झालं की थोडा वेळ संडासात बसवायचं, आणि कुणी रागवायचं नाही, असं सांगितलं. यातलं शेवटचं घरात सगळ्यात अवघड गेलं.

मी शाळेत गेले. मुख्याध्यापकांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, दुरुस्तीचा प्रस्ताव वर पाठवलाय. कडीसाठी प्रस्ताव! घरी येऊन मी जे बोलायला लागले ते थांबेचना. दुसऱ्या दिवशी ड्रिल मशीन गाडीला अडकवून नवराच शाळेत गेला आणि मुलींच्या बाथरूमला आतून कडी बसवून आला.

औषध बरेच महिने चाललं. ओल्या सकाळी कमी होत गेल्या. परीक्षेच्या दिवसांत पुन्हा दोन-चारदा झालं, तेव्हा सासूबाईंना गप्प ठेवायचं काम माझ्याकडे आलं. आता महिना महिना काही होत नाही. मुलगी मामाकडे राहायलाही जाऊन आली.

कडी बसवली त्या दिवशीचं नवऱ्याने मला जेवताना सांगितलं. तो मशीनची वायर गुंडाळत होता तेवढ्यात मुलीच्या वर्गाच्या बाई आल्या, इकडं तिकडं बघितलं आणि म्हणाल्या, "भाऊ, आलाच आहात तर आमच्या बाथरूमची कडी पण बघता का? लई दिवस झालं, लागतच न्हाई."

"मग?" मी विचारलं.

"बसवली की," तो म्हणाला आणि भाकरी मोडायला लागला.