राजाच्या गुडघ्याशी

संग्रहालयात इजिप्तच्या एका राजाचा दगडी पुतळा आहे. त्याच्या गुडघ्याशी त्याची राणी उभी आहे, लहान मुलाएवढी. एवढ्या मोठ्या राज्याची राणी, पण उंची तेवढीच. पायाशी तिचं नाव कोरलेलं होतं. आता तिथे नुसते छिन्नीचे घाव दिसतात.

"हिचं नाव काय गं?" आत्यानं विचारलं.

"कुणीतरी खोडून टाकलंय."

आत्या तिथून हलेचना. तिच्या लग्नात आतोबांनी ताटातल्या तांदळांत अंगठीनं तिचं नवं नाव लिहिलं होतं. त्यानंतर माहेरच्या नावानं हाक मारणारे एकटे माझे बाबा उरले. तेही गेले.

"मी मारू त्या नावानं हाक?"

"नको गं. ओ कोण देणार?"

राणीचं नाव पुसायला निदान छिन्नी तरी लागली होती.