तुळशीभोवतीची आगगाडी
मशीनच्या तेलाचा वास आला की डिचोलीचं आमचं अंगण आठवतं. खाणीवरून निवृत्त झालेल्या बाबांनी तुळशीभोवती छोट्या आगगाडीचे रूळ घातले होते. त्यांचं लाडकं, धुराड्याचं काळं इंजिन पहिली फेरी मारत होतं, तोच आई दिवा घेऊन दारात आली. "हें कितें? तुळशीक उरफाटी प्रदक्षिणा?" बटण दाबून गाडी मागे चालवता आली असती, पण आपलं इंजिन पाठमोरं धावलेलं बाबांना खपेना. दुखऱ्या गुडघ्यांवर बसून त्यांनी इंजिन आणि एकेक डबा उचलून फिरवला. आता दोघंही नाहीत. काल दमून डिचोलीच्या घरी आलो, इंजिनाला तेल घातलं, तुळशीभोवतीच्या रुळांवर गाडी लावली, तर ती उलट्या दिशेनेच धावली. तीन फेऱ्या झाल्या, तरी दारातून कोणी ओरडलं नाही.