बिनहाताचं बाकडं

त्या सुताराला गल्लीत सगळे 'उठून दाखवा' म्हणत. खुर्ची हवी म्हणून कुणी दुकानात आलं, की तो आधी त्याला जुन्या स्टुलावर बसवायचा आणि म्हणायचा, "आता उठून दाखवा." माणूस उठताना हात कुठे टेकतो, कोणता गुडघा आधी कुरकुरतो, हे बघून मगच टेप काढायचा. चाळीस वर्षांत हा नेम कधी चुकला नव्हता.

चुकला तो दवाखान्याच्या बाकड्यांपायी. चित्र काढून पाठवणारा डिझायनर मोठा हुशार. बाकडं जेमतेम फूटभर उंच, पाठ नाही, हात नाहीत. दवाखान्यात जागा बघायला गेलेला सुतार त्याला म्हणाला, "साहेब, इथे गुडघेदुखीची माणसं येतात."

"हातांमुळे रेष तुटते हो," डिझायनर म्हणाला.

रेष तुटते! माणसाची कंबर तुटली तर चालेल. नंबर दाखवणाऱ्या पडद्याचा डिझायनरही तिथेच उभा होता, त्याचं कौतुक वेगळंच. नंबर दहा सेकंद दिसणार, लगेच पुढचा. कुणाचा वेळ फुकट जायला नको! सोय दोघांनाही करायची होती, पण ज्यांची करायची त्यांच्याकडे बघायला वेळ कुणाला होता? सुताराने ओठांवर आलेलं गिळलं आणि चित्राबरहुकूम बाकडी ठोकून दिली.

मंगळवारी त्याची थोरली बहीण दवाखान्यात गेली आणि तपासणी न होताच परतली. "गर्दी होती," एवढंच म्हणाली. खरं काय ते नर्सने सुताराला सांगितलं. ताईंचा नंबर तीनदा लागला, तिन्ही वेळा त्या उठेपर्यंत पुढचा आला. हात द्यायला गेलं तर नको म्हणाल्या.

सुताराच्या तळपायाची आग मस्तकात गेली. फळ्या, ठोकळे, ड्रिल घेऊन तो तडक दवाखान्यात गेला आणि एकेक बाकडं उंच करून त्याला हात बसवत सुटला. बाकड्यांचा डिझायनर धावत आला. "अहो, सगळं डिझाइन बिघडवलंत!"

"बसा इथे," सुतार ओरडला, "आणि माझ्या बहिणीचे गुडघे लावून उठून दाखवा!"

घरी आला तरी राग उतरला नव्हता. "चांगली खरडपट्टी काढली त्या दीडशहाण्याची," तो म्हणाला. "पण ताई, तू मला का नाही बोललीस?"

ताई गुडघे शेकत बसली होती. "बाकडं तू केलंयस, हे मी बसल्याबरोबर ओळखलं," ती म्हणाली. "म्हटलं, मग दोष माझ्याच गुडघ्यांचा असणार."