जिवंत कोळंबी

फेकजाळ्याची एक कडा दातांत धरावी लागते, हे मला वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी कळलं. बाकीचं जाळं अर्धं खांद्यावर, अर्धं हातात घ्यायचं, कंबरेतून गिरकी मारायची आणि जाळं सोडताना तोंड उघडायचं. उघडायला उशीर झाला तर दात जातो. बाबांचा पुढचा एक असाच गेलेला आहे. सुरुवातीला जाळ्याच्या कडेला ओवलेल्या शिशाच्या गोळ्यांची आणि खाडीच्या चिखलाची चव दोन दोन दिवस माझ्या जिभेवरून जात नसे. सोमवारी ब्रँचमध्ये चहा प्यायले तरी तीच.

मी अंधेरीच्या एका बँकेत ऑफिसर आहे आणि मुलुंड पूर्वेला बाबांसोबत राहते. लग्न केलं नाही, आई जाऊन नऊ वर्षं झाली. बाबा मालवणकडचे. गिरणीत होते, ती बंद पडल्यावर घाटकोपरला एका बिल्डिंगची लिफ्ट चालवून रिटायर झाले. त्यांना नाद एकच, खाडीवर जाऊन जिताडा गरवायचा, म्हणजे गळाला लावायचा. आणि जिताडा हा महा नखरेल मासा, त्याला आमिष जिवंत लागतं. स्वतःच्या हातानं पकडलेलं लागतं, हा कायदा मात्र जिताड्याचा नसून बाबांचा. एकदा मी वैतागून म्हटलं, मार्केटमधून आणू ना ताजी कोळंबी, कशाला चिखलात मरायचं? तर म्हणाले, "बाजारातली कोळंबी माणसांका, जिताड्याक न्हय."

दोन वर्षांपूर्वी त्यांचे गुडघे गेले. जिना कसाबसा उतरतात, पण चिखलात पाय टाकायचा म्हणजे अशक्य. तेव्हा मी एकदाच, फक्त एकदाच हं, असं बजावून त्यांच्याऐवजी खाली उतरले. झालं! त्यानंतर रविवार माझा राहिला नाही. इतर लोक कॅलेंडरमध्ये चतुर्थी, एकादशी बघतात, बाबा तिथीवरून भरती-ओहोटी काढतात. ओहोटी पूर्ण लागली की मिठागरांच्या मागे तिवरांच्या झाडीतल्या ओहळात मी जाळं फेकायचं, कोळंबी बादलीत टाकायची. बादलीला माशांच्या दुकानातला बॅटरीवरचा छोटा पंप, म्हणजे ती जिवंत राहते. मग भरती लागली की रिक्षानं जुन्या धक्क्यावर जायचं आणि बाबांनी गळ टाकून बसायचं. गळ घालायचा तो कोळंबीच्या शिंगाखालचा काळा ठिपका चुकवून. ठिपक्याला लागला तर ती जागच्या जागी मरते. नीट घातला तर तासभर पाय हलवत राहते. मला ते बघवत नाही, मी फोनमध्ये डोकं घालून बसते.

सोसायटीत माझं कौतुक व्हायचं ते वेगळंच. मुलगी असावी तर अशी, वगैरे. चिखलाने माखलेली सलवार घेऊन जिना चढताना हे ऐकलं की मला एकेकाला फटकवावंसं वाटायचं. ते बोलून मोकळे व्हायचे आणि मी कपडे भिजत घालायचे.

यंदा थंडी संपता संपता प्रमोशनचं पत्र आलं. प्रमोशनवर बदली, नागपूरला. जायचं की नाही ते पुढच्या मंगळवारपर्यंत कळवायचं होतं. याआधी एकदा मी नाही म्हटलं होतं, तेव्हा आई आजारी होती. या वेळी नाही म्हटलं तर रिटायर होईपर्यंत त्याच खुर्चीत, हे साहेबांनी अगदी प्रेमाने समजावून सांगितलं. मी चार दिवस घरात काही बोलले नाही. बाबांसमोर वरणभात वाढताना विषय ओठांवर यायचा, आणि ते विचारायचे की पंपाची बॅटरी बदललीस का. मी मनात म्हणायचे, या माणसाला एकटं टाकून मी कुठे जाणार? आणि लगेच इतका राग यायचा की मी भांडी आपटायचे. शेवटी ठरवलं, रविवारी धक्क्यावर सांगायचं. तिथे ते शांत असतात.

पण धक्क्यापर्यंत पोचलोच नाही. तो रविवार अमावास्येच्या दुसऱ्या दिवशीचा, पाणी खूप लांब ओसरलेलं. सकाळी साडेसहा-सात झाले असतील. नेहमीच्या दगडांजवळ पाच-सहा वेळा जाळं टाकलं, हाताला चार कोळंब्या. बाबा बांधावर बादली धरून उभे, वरून सूचना चालू. आणखी पुढे जा, खोल पाण्यात असतील. मी गेले. दोन पावलं टाकली आणि उजवा पाय मांडीपर्यंत आत गेला. तो काढायला डाव्यावर जोर दिला, तर डावाही गेला.

आधी हसू आलं. मग जोर लावून बघितला आणि हसू पळालं. चिखल पायाला असा धरतो की बूट काय, पायच आपला राहत नाही. जितकं ओढावं तितकं खाली. आजूबाजूला माणूस नाही, फोन बाबांच्या पिशवीत. आणि ओहळातलं पाणी, जे इतका वेळ समुद्राकडे चाललं होतं, ते थांबलं आणि आमच्या बाजूला वळलं. उधाणाची भरती किती भराभर येते ते मला बाबांनीच शिकवलं होतं.

बाबा बांधावरून खाली उतरायला लागले. मी ओरडले, तुम्ही उतरू नका, दोघं मरू. ते थांबले. मला खालून त्यांचे हात दिसत होते, बादलीची कडी घट्ट आवळून धरलेले. त्यांना घाबरलेलं मी कधी बघितलं नव्हतं. त्यांनी सांगितलं, उभं राहू नको, जाळं पुढे पसर आणि त्याच्यावर पालथी पड. मी म्हटलं, चिखलात तोंड घालू? हो म्हणाले, घाल. मी पडले. छातीखाली थंडगार चिखल, नाकातोंडात वास, आणि कोपरापर्यंत पाणी आलेलं. तेव्हा इतक्या दिवसांचं सगळं माझ्या तोंडातून बाहेर पडलं. म्हटलं, तुमच्या त्या जिताड्यापायी मी इथे मरते आहे. माझी नागपूरला बदली झाली आहे, मला प्रमोशन आहे, मी जाणार आहे, ऐकलंत का, मी जाणार आहे!

बाबांनी बादली बांधावर ठेवली. मग म्हणाले, "आधी भायर ये. मगे खंय जावचा हा थंय जा."

गुडघा हळूहळू हलवत, चिखलात थोडं थोडं पाणी शिरू देत मी डावा पाय सोडवला, मग उजवा. निवटी मासळी चिखलावर सरपटते ना, तशी पोटावर सरकत बांधाला लागले. वीसेक मिनिटं गेली असतील. बाबांनी हात दिला, वर ओढलं, आणि पाठीवर एक धपाटा घातला. दोन रिक्षावाल्यांनी आम्हाला बघून रिक्षा पळवली, तिसऱ्याने सीटवर गोणपाट टाकून बसवलं.

सोमवारी मी सुट्टी टाकली, सगळं अंग ठणकत होतं. दुपारी उठून बघते तर बाबा घरात नाहीत. माझी वाट लागली. शेजारी विचारलं, खाली वॉचमनला विचारलं, कोणाला पत्ता नाही. पाच वाजता दार वाजलं. बाबा, एका हातात गळाची दोरी, दुसऱ्यात प्लास्टिकची पिशवी. पिशवीत बर्फातली, मार्केटातली, मेलेली कोळंबी. आणि वर एक वीतभर शिंगाळा, खाडीतला हलका मासा. शिंगाळ्याकडे ते एरवी बघतही नाहीत, मांजराला टाकतात. तो त्यांनी ओट्यावर ठेवला, मुद्दाम मला दिसेल असा, आणि हातपाय धुवायला गेले. मला रडू आलं आणि रागही आला, कशाचा ते कळेना.

मंगळवारी रात्री जेवण झाल्यावर मी लॅपटॉप उघडला. बँकेच्या फॉर्ममध्ये दोन रकाने होते, संमती किंवा नकार. नकार दिला तर खाली कारण लिहायचं. मी नकार दिला. बाबा समोर बडीशेप चघळत होते. मान वर न करता त्यांनी विचारलं, कारण काय लिवलंस?

मी वाचून दाखवलं. वृद्ध वडिलांची देखभाल.

"माझा नाव पुसून टाक," ते म्हणाले.

मी चिडले. म्हटलं, तुमच्या गोळ्या कोण देतं, डॉक्टरकडे कोण नेतं, तुमच्यासाठी मरता मरता कोण वाचलं? त्यांनी सगळं ऐकून घेतलं. आवाज चढवला नाही.

"मी काल एकटोच गेलंय, एकटोच इलंय. तू भियालंस. ता लिव."

 खरं तेच होतं. पत्र हातात आलं त्या दिवसापासून मला भीती वाटत होती. एकोणपन्नासाव्या वर्षी नवीन गाव, नवीन खुर्ची, संध्याकाळी कुलूप उघडून रिकाम्या खोलीत शिरायचं, आणि भांडी आपटली तरी ऐकायला कोणी नाही. आईच्या आजारपणात पत्र आलं तेव्हाही, नाही म्हणायला कारण मिळालं म्हणून मला सुटल्यासारखं झालं होतं, हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

मी वडिलांची देखभाल पुसलं. वैयक्तिक कारण, असं लिहिलं आणि बटण दाबलं. बाबांनी बडीशेपेचा डबा माझ्याकडे सरकवला आणि झोपायला गेले.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात सगळ्यांनी तेच विचारलं, वडिलांमुळे ना? आधी आईवरून, मग बाबांवरून, इतकी वर्षं मी हो म्हणत आले होते. आता मला हो म्हणता येईना.