साक्ष द्यायला नॉर्वेला

मंडळी, आज सकाळी मुलाला सांगून टाकलं. येत्या हिवाळ्यात मी नॉर्वेला जाणार, नॉर्दर्न लाइट्स बघायला.

"आई, सत्तरीत तिथली थंडी सोसवेल का? मोबाईलवर बघ ना."

"मोबाईलवर बघून साक्ष देता येत नाही," मी म्हटलं.

साठच्या दशकात माझे बाबा परदेशी बोटीवर खलाशी होते. पार उत्तरेकडच्या समुद्रात त्यांनी आभाळात हिरवा उजेड हलताना पाहिला. श्रीवर्धनच्या आमच्या कोळीवाड्यात हिरव्या चमकेचा अर्थ एकच. अंधारात पाणी चमकलं की खाली मासळीचा थवा. बाबांना तेच सुचलं आणि ते आभाळाकडे बघून "मासळी! मासळी!" ओरडले. गावी येऊन त्यांनी हे भोळेपणाने सांगितलं, तर अख्खं बंदर हसलं, आभाळात असा उजेड असतो हे कुणाला पटलंच नाही. "मग वर जालं टाकलंस का रं?" त्यानंतर मरेपर्यंत त्यांनी त्या उजेडाचा विषय काढला नाही.

माझी नव्वदीची आई शेजारी सुक्या कोळंबीचे सोडे निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "जा तू. दिसला का तिथनंच फोन कर. मना बंदरावर जाऊन सांगायचं हाय."

"अगं, हसणारे कधीच गेले."

"त्यांची पोरं हायत ना!"

तिकीट आजच काढलं. तुमच्या घरातल्या कुणाचं खरं बोलणं असंच हसून उडवलं गेलंय का? मग साक्ष द्यायला निघा, वाट कसली बघताय?