रिकामं फंक्शन आणि डब्यातली साखर

मुलं मोठी झाल्यावर मी पुन्हा कोड लिहायला लागले. मकरपुऱ्याच्या एका छोट्या ऑफिसात मला घेतलं होतं ते 'बघू, जमतंय का' म्हणून. नाही जमलं तर पुन्हा घरी. आणि मला घरी बसायचं नव्हतं.

पहिलंच काम नंदेसरीच्या एका केमिकल कारखान्याच्या प्रोग्रामचं. तो लवकरच तिथे बसवायचा होता. जावास्क्रिप्ट वाचता वाचता मी अडले. फंक्शन म्हणजे नाव देऊन नेमलेलं काम. इथे नाव झकास, पण कंसांच्या मध्ये काहीच नाही. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा! आणि अशी कितीतरी. मुद्दाम रिकामी ठेवलेली, की लिहायची राहिलेली? नुसतं बघून कळायला मार्ग नाही.

आमचा गुजराती टीम लीड माझ्याहून बराच लहान. म्हणाला, "रहेवा दो ने, बेन. एरर तो आवती नथी." एरर येत नाही हेच तर दुखणं, हे अगदी ओठांवर आलं होतं. पण नोकरी आठवली आणि चरफडत घरी आले.

दारात शेजारच्या मासी. माझा थालीपिठांचा डबा परत द्यायला आलेल्या, आत थोडी साखर. "खाली डब्बो थोडो पाछो अपाय?" असं त्या दरवेळी म्हणतात. रिकामा डबा आम्हीही कधी परत देत नाही. त्या दिवशी मात्र ती साखर बघून मला ती रिकामी फंक्शनं आठवली आणि हसूच आलं.

दुसऱ्या दिवशी आजूबाजूचा कोड वाचून कारण शोधत प्रत्येक रिकाम्या फंक्शनात मी एक ओळ लिहीत गेले: इथे मुद्दाम काही नाही, आणि का नाही. एका जागी मात्र कारणच सापडेना. गॅसगळती कळवायचं बटण दाबलं की पडद्यावर हिरव्या अक्षरांत 'संदेश गेला' यायचं, आणि संदेश पाठवणारं फंक्शन रिकामं! तिथे खोटं कारण लिहायला हात धजेना. त्याऐवजी मी एरर येईल अशी ओळ टाकली आणि लीडला बोलावून म्हटलं, "दाबा."

पडदा लाल झाला: 'हा संदेश कुणालाही जात नाही.'

त्याने पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. मी मनात म्हटलं, गेली नोकरी.

"बेन," तो हळूच म्हणाला, "मारा पप्पा नंदेसरीमां ज नोकरी करे छे."

त्याचे वडील तिथेच कामाला होते! मग तो खुर्ची ओढून शेजारी बसला. आम्ही दोघांनी मिळून ते फंक्शन लिहिलं. संध्याकाळी त्याने पुन्हा बटण दाबलं आणि टेबलावरचा त्याचा फोन वाजला.

"काले वहेला आवजो, बेन. बीजा प्रोग्राम पण जोवाना छे."

उद्या लवकर या, दुसरे प्रोग्रामही बघायचेत. एवढंच तर मला कुणाच्या तरी तोंडून ऐकायचं होतं.